शहर मिरवतं तेव्हा

पाडव्याच्या सकाळची गोष्ट. नेरूळच्या एका चौकात स्वागतयात्रा अडली होती. ट्रेलरवर रायगड उभा केलेला, प्लायवूड आणि रंगवलेल्या कापडाचा (थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, तेव्हापासून आपले गडकिल्ले जरा वजनदार झाले आहेत). त्याच्या नगारखान्याचा माथा रस्त्यावरून गेलेल्या केबलच्या वायरींत गुंतला होता. ट्रेलरच्या टपावर एक जण उकिडवा बसला होता. हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला आडवी पट्टी ठोकलेली. त्याने वायरींचा झुबका त्या पट्टीवर अलगद उचलून धरला, खालून कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणून ओरडलं आणि रायगड दोन हात पुढे सरकला. गडावर जिजाऊ झालेली नऊ-दहा वर्षांची मुलगी एका हाताने डोक्यावरचा पदर सांभाळत दुसऱ्या हातातली फ्रूटी पीत होती.

त्यामागून दुसरा चित्ररथ आला. भला मोठा नळ, त्यातून लोंबणारा निळा थेंब, 'पाणी वाचवा'. मग कापडी पिशव्यांचा. मग मुलींच्या शिक्षणाचा. मग हेल्मेटचा. फूटपाथवर उभ्या उभ्या तासाभरात मी सात-आठ उपदेश ऐकले आणि घरी परतताना एक गोष्ट डोक्यात बसली, ती अजून निघालेली नाही. यात्रेच्या अग्रभागी फेटे बांधून चालणाऱ्यांत नगरसेवक होते. सगळे माजीच, कारण मे २०२० मध्ये नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. पण मान त्यांचाच. आणि सगळे चित्ररथ त्यांच्या पाठीमागून येत होते. पाणी वाचवायला, प्लास्टिक सोडायला मला सांगितलं जात होतं. पुढे चालणाऱ्यांना त्यातलं काही दिसतसुद्धा नव्हतं.

त्याच दिवसांत मी लंडनच्या महापौरांच्या मिरवणुकांवरच्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या छापील पुस्तिका वाचत होतो. तिथे नेमकं उलटं. चित्ररथ रस्त्यात जागोजागी महापौराची वाट बघत उभे. तो घोड्यावरून आला की त्याला थांबवायचं आणि तोंडावर भाषण ऐकवायचं; मग तो रथ त्याच्या मिरवणुकीत सामील व्हायचा. गर्दी भाषण ऐकायला नव्हतीच, त्या गोंगाटात ऐकू काय येणार? गर्दी बघत होती ती महापौराला ऐकताना. मिरवणुकांवरचं माझं हे पुस्तक त्या एका फरकातून सुरू झालं.

आधी थोडा इतिहास, लवकर उरकतो. १२१५ साली जॉन राजाने लंडनकरांना दरवर्षी आपला मेयर निवडण्याची सनद दिली. अट एकच: निवडून आलेल्याने राजापुढे हजर होऊन निष्ठेची शपथ घ्यायची. राजा नदीच्या वरच्या अंगाला वेस्टमिन्स्टरला. तेव्हा जाणं आलं, येणं आलं, आणि शहराचा कारभारी एकटा कसा जाणार? शपथेचा दिवस २९ ऑक्टोबर. सकाळी सजवलेल्या नावांतून थेम्सवरून वेस्टमिन्स्टर, तिथे शपथ, परत येऊन सेंट पॉलच्या बाजूला उतरायचं, चीपसाइडच्या बाजारपेठेतून गिल्डहॉलला जेवायला, संध्याकाळी पुन्हा सेंट पॉलमध्ये प्रार्थना आणि मशालींच्या उजेडात घरी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर या वाटेवर देखावे दिसू लागतात. १५८५ सालच्या मिरवणुकीसाठी जॉर्ज पील या नाटककाराने लिहिलेली भाषणं छापली गेली, आणि पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत अँथनी मंडे, टॉमस डेकर, टॉमस मिडलटन, जॉन वेब्स्टर, टॉमस हेवूड अशा नामांकित नाटककारांनी हे काम घेतलं. शेक्सपियरच्या काळातली रंगभूमी म्हटली की आपल्याला ग्लोब थिएटर आठवतं. पण थिएटरात जायला पैसे पडायचे. ही रंगभूमी फुकट होती.

खर्च गिल्डचा. गिल्ड म्हणजे एकेका धंद्याची पंचायत: कापडवाले, किराणावाले, मासेवाले, सोनार. त्यांतल्या बारा मोठ्या, आणि महापौर या बारांपैकीच एकीचा सभासद असायचा. ज्या गिल्डचा माणूस महापौर, त्या वर्षी मिरवणूक तिची. आणि मान? मानाचं भांडण सगळीकडे सारखंच. शिंपी-व्यापाऱ्यांची गिल्ड आणि फरच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्यांची गिल्ड यांच्यात सहावी कोण आणि सातवी कोण, यावरून इतकं पेटलं की १४८४ साली महापौर रॉबर्ट बिल्सडनला निवाडा करावा लागला: एक वर्ष हा सहावा, पुढच्या वर्षी तो, आणि दोघांनी दरवर्षी एकमेकांना जेवायला बोलवायचं. तो निवाडा आजही पाळतात. पुण्याच्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. गणपती विसर्जनात कसबा पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. हा क्रम लोकमान्यांच्या काळापासूनचा आणि त्याला हात लावायची आजतागायत कोणाची छाती झालेली नाही. मानाचा क्रम ही पोरकट हौस आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. ज्या शहरात हजारो माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे कोण कोणाच्या मागे चालणार हे ठरवणं म्हणजे शहराची वंशावळ रस्त्यावर मांडणं आहे.

आता १६१३ सालाकडे येतो, कारण या पुस्तकाचा जीव तिथे आहे.

त्या वर्षी महापौर झाला सर टॉमस मिडलटन, किराणा-मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या गिल्डचा. मिरवणूक लिहिणारा नाटककारही टॉमस मिडलटन. दोघांचं नातं काही नाही, नावाचा योगायोग. खर्च सुमारे १३०० पौंड, त्या काळच्या सगळ्यांत महागड्या मिरवणुकांपैकी एक. साधा मजूर दिवसाला शिलिंगभर मिळवायचा. हिशोब करा, साधारण सव्वीस हजार दिवसांची मजुरी एका दिवसात रस्त्यावर गेली. मिरवणुकीचं नाव होतं 'सत्याचे विजय'.

सकाळीच महापौरासमोर एक बाई येते. पांढरे केस दोन्ही खांद्यांवर मोकळे, अंगावर किरमिजी रेशमी वस्त्र, डाव्या हातात सोन्याची किल्ली आणि डोक्यावर मुकुटाच्या जागी मनोरे आणि बुरूज. ही बाई म्हणजे लंडन. ती महापौराला आईसारखी सुनावते: तुला वाढवताना कळा मी सोसल्या, आता मोठेपण आलं म्हणून आईला विसरू नकोस, विसरलेली मुलं मी पाहिली आहेत. यातली गंमत अशी की हा 'मुलगा' लंडनचा नव्हताच. मिडलटन जन्मला वेल्समधल्या डेनबीला आणि पोटापाण्यासाठी लंडनला आला. शहराने बाहेरून आलेल्याला भर रस्त्यात मुलगा म्हटलं आणि त्याच दमात मुलाचं कर्तव्यही त्याच्या पदरात टाकलं.

मग दुपारी, नदीवरून परतल्यावर, त्याला गाठतो भ्रम. राखाडी रेशमी पोशाख, डोक्याभोवती ढग, ढगावर घुबड, खांद्यावर वटवाघूळ. बरोबर गेंड्यावर बसलेला मत्सर, बाईच्या रूपात, माणसाचं काळीज खात. भ्रम महापौराच्या कानाशी लागतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: वर्षभराचीच सत्ता आहे, हात मारून घे; लाच येईल, नाही म्हणू नकोस; खादाडी आणि आळस तुझ्या दिमतीला देतो. हे सगळं शपथ घेऊन दोन तास न झालेल्या माणसाला, त्याच्या मतदारांसमोर, त्याच्याच गिल्डच्या खर्चाने! नंतर सत्य येतं, दिवसभर भ्रमाशी झटापट चालते, शहराच्या देखाव्यावर भ्रम धुक्याचा पडदा टाकतो आणि सत्य तो उचलायला लावतं, आणि रात्री महापौराच्या दारात भ्रमाचा रथ आगीच्या झोतात जाळून टाकतात. आपल्याकडे रावण जाळतात तसाच. पण एक फरक आहे. रावण लंकेचा; तो जळताना कोणाच्या पोटात गोळा येत नाही. १६१३ चा भ्रम महापौराच्या संभाव्य पापांची यादी वाचून मग जळतो. षड्रिपूंचं कीर्तन आपल्याला नवं नाही. ते सत्ताधाऱ्याला घोड्यावर बसवून ऐकवणं नवं आहे.

अर्थात हुरळून जाऊ नये. त्याच मिरवणुकीत एका जहाजातून आफ्रिकी वंशाचा राजा आणि राणी येतात आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या सहवासाने आपल्याला खरा धर्म कळला असं सांगतात. पुढच्या तीनशे वर्षांची कहाणी तिथे चित्ररथावर बसलेली आहे.

या महापौराचा धाकटा भाऊ ह्यू मिडलटन, धंद्याने सोनार. त्याने १६०९ ते १६१३ या चार वर्षांत हर्टफोर्डशायरच्या झऱ्यांचं पाणी साठेक किलोमीटर कालवा खणून लंडनच्या वेशीपर्यंत आणलं. थोरला भाऊ महापौर निवडला गेला त्याच दिवशी, २९ सप्टेंबर १६१३ ला, क्लार्कनवेलच्या टाकीत पाणी सोडलं. त्या समारंभाची संहिताही नाटककार मिडलटनचीच. ती वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. साठाहून अधिक मजूर, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या हिरव्या टोप्या, खांद्यावर फावडी, कुदळी, टिकाव, ढोलाच्या तालावर टाकीला फेरी घालतात. मग एक जण भाषणाला उभा राहतो, कारकुनाकडे वही मागतो आणि एकेकाला पुढे बोलावतो: देखरेख करणारा, कारकून, गणिती, सुतारकामाचा मुख्य, मोजमाप करणारा, गवंडी, लाकडी नळ पोखरणारा, फरसबंदी करणारा आणि नुसते खणणारेसुद्धा. मान्यवर खुर्च्यांवर, सत्कार टिकाववाल्यांचा. मग दारं उघडतात, पाणी धावतं, तुताऱ्या वाजतात.

नवी मुंबईकराला हे वाचून मोरबे आठवणार. महापालिकेने २००२ मध्ये खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेलं शहर, हे आपण पाहुण्यांना हमखास सांगतो. पावसाळ्यात धरण भरलं की जलपूजन होतं. नारळ, साडी, खण, पाण्यात सोडलेली ओटी, वर्तमानपत्रात फोटो. विधी सुंदर आहे आणि आपला आहे. मी एवढंच म्हणतो की त्या फोटोत कधी व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस मी पाहिलेला नाही.

प्रतीकांबद्दल दोन शब्द, कारण पुस्तकाचा मधला भाग त्यांनीच भरला आहे. मराठी वाचकाला प्रतीक म्हटलं की कविता आठवते: धूसर, ज्याचा त्याने अर्थ लावावा असं. मिरवणुकीतलं प्रतीक तसं चालत नाही. ते लांबून, गर्दीतून, अक्षरओळख नसलेल्यालाही कळलं पाहिजे. म्हणून ते कधीकधी अगदीच बाळबोध असतं. १६१६ साली मासे विकणाऱ्यांच्या गिल्डचा जॉन लेमन महापौर झाला, तेव्हा त्याच्या नावावर कोटी करून एका रथावर लिंबाचं झाड उभं केलं, लगडलेलं! झाडाखाली पंचेंद्रियं बसलेली, कारण लिंबाने म्हणे इंद्रियं तल्लख होतात. आणि बुंध्याशी स्वतःचं रक्त पाजून पिल्लं वाढवणारा पेलिकन, म्हणजे आदर्श कारभारी. पुलंनी एखाद्या मंडळाच्या देखाव्यावर लिहावं असा हा मामला. पण कोटीच्या मागे हिशोब आहे. लेमन हे नाव वर्षभराने जाईल, पेलिकन राहील.

त्याच १६१६ च्या मिरवणुकीत दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही आपल्याला जवळच्या. पहिली, मासेमारीची नाव. चाकांवर चढवलेली खरी होडी, नाव 'एस्पेरांझा', म्हणजे आशा. तिच्यात कोळी जाळी ओढत होते आणि जाळ्यातले जिवंत मासे दोन्ही हातांनी लोकांत वाटत होते. दुसरी गोष्ट कडू आहे. एका रथावर थडगं होतं. महापौर जवळ आला की थडग्यातून विल्यम वॉलवर्थ उठून बसायचा आणि त्याचं अभिनंदन करायचा. वॉलवर्थ हा त्याच गिल्डचा जुना महापौर, आणि त्याचा पराक्रम काय? १३८१ साली शेतकऱ्यांनी लंडनवर चाल केली, तेव्हा त्यांचा पुढारी वॉट टायलर याच्यावर त्याने बोलणी चालू असताना वार केला. पुस्तिकेत तो शहराचा तारणहार आहे. टायलरचं शीर मिरवणुकीत भाल्याच्या टोकावर आहे. त्याच्या वाटच्या ओळी कोणी लिहिल्या नाहीत.

हे वाचून मी पुस्तिका मिटली, कारण माझ्या गावाकडचा १३८१ मला आठवला. गावाकडचा म्हणजे सिडकोच्या नकाशावरचा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० ला ते वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, आणि ९५ गावांच्या ३४४ चौरस किलोमीटरवर नोड (वेगवेगळी उपनगरं) आखले गेले. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी दि. बा. पाटील यांच्या मागे उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि नवघर इथे गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या रक्तातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आमच्याकडे नुसतं 'साडेबारा टक्के' म्हटलं तरी पुरतं. दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं. पण ते तिकडे उरणला. पाडव्याच्या यात्रेत मी शिवाजी महाराज पाहिले, सावित्रीबाई पाहिल्या, चांद्रयान पाहिलं. १९८४ चा चित्ररथ मला आजवर दिसलेला नाही. लंडनने शेतकऱ्याला मारणाऱ्याला रथावर बसवलं; आपण रथ रिकामाच ठेवला. कोणतं बरं, याचा निवाडा मला करता येत नाही.

स्वागतयात्रांचा उगम फार जुना नाही, आणि ते लपवायचंही कारण नाही. १९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने पहिली यात्रा काढली. तिथून ठाणं, गिरगाव, आणि मग आमची उपनगरं. पंचवीस वर्षांत ती 'परंपरा' झाली. लंडनवाल्यांचंही तसंच: त्यांच्या मिरवणुका प्राचीन असल्याची हवा होती, पण आपल्याला माहीत असलेलं त्यांचं रूप दोन-तीन पिढ्यांचं होतं. खंडही पडले. १६०३ आणि १६२५ ला प्लेगने मिरवणूक झाली नाही. १६६५ च्या प्लेगनंतर आणि पुढच्या वर्षीच्या महाआगीनंतर काही वर्षं रस्ता सुनाच होता. आमच्याकडे २५ मार्च २०२० चा पाडवा आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस एकच. गुढी गॅलरीत, रस्त्यावर कुत्रं नाही.

नवी मुंबईत मिरवणुकांचे दोन नकाशे आहेत आणि ते एकमेकांवर बसत नाहीत. एक नोडांचा: सेक्टर, मैदान, मुख्य रस्ता, पोलिसांची परवानगी, वेळेत समाप्ती. दुसरा गावठाणांचा. गावदेवीची पालखी निघते तेव्हा ती सिडकोने आखलेल्या चौकाला जुमानत नाही; ती जुन्या शिवेवरून फिरते, मग त्या शिवेवर आज टॉवर असो की पार्किंग. दारोदारी थांबते. नारळी पौर्णिमेला सारसोळेचे कोळी वाजतगाजत नारळ घेऊन जेट्टीवर जातात. दिवाळे गावचे कोळी दिवाळीत देवाला पाण्यातून वर काढतात, घरच्या पाहुण्यासारखं ठेवून घेतात आणि सण सरला की परत पाण्यात पोचवतात. या मिरवणुकांना कोणी 'नागरी' म्हणत नाही. पण मिरवणूक म्हणजे हद्द आणि हक्क पायांनी मोजणं असेल, दसऱ्याच्या सीमोल्लंघनासारखं, तर या शहरातली सगळ्यांत नागरी मिरवणूक पालखी आहे. आणि जून २०२१ मध्ये, नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून १० तारखेला मानवी साखळी झाली आणि २४ तारखेला बेलापूरला सिडकोवर मोर्चा गेला, तेव्हा रथ नव्हते, देखावे नव्हते, पण ते सगळे लोक ज्याला ऐकवायचं त्याच्याच दिशेला तोंड करून चालत होते.

तिसराही एक नकाशा आहे, मसाल्याच्या व्यापाराचा, तो तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत (एपीएमसी) दिसतो. १६१७ साली पुन्हा किराणा-मसालेवाल्यांचा महापौर झाला, जॉर्ज बोल्स. त्याच्यासाठी नाटककार मिडलटनने एका रथावर 'इंडिया' दाखवली: मसाल्याचं बेट, त्यावर जायफळाची झाडं लावणारे, फळं तोडणारे उघडे 'इंडियन', आणि उंच आसनावर सोन्याची वीट हातात घेतलेली श्रीमंत बाई. त्या वेळी सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारात सवलती मागत बसला होता. लंडनचा पोरगा चीपसाइडला उभा राहून आपला देश पाहत होता, आपल्याला न विचारता बनवलेला. या गिल्डच्या ढालीवर लवंगा आहेत. तिच्या मिरवणुकीत मसाले लोकांत उधळायचे. आज एपीएमसीच्या मसाला मार्केटात सकाळी पाऊल टाकलं की मिरचीच्या खकाण्याने पहिली शिंक येते, आणि त्या खकाण्यात पाठीवर पोतं घेतलेला माथाडी अर्धवट धावत जातो. १९६९ चा माथाडी कायदा त्याच्यामुळे झाला. लंडनचे रथही आधी हमालांच्या खांद्यावरूनच जायचे. गिल्डच्या हिशोबवह्यांत त्यांची मजुरी लिहिलेली आहे. रथाखाली कोण होतं ते अशा वह्यांमुळे कळतं. पुस्तिकांत ते येत नाहीत.

आणि पुस्तिकांवर फार विश्वासही ठेवू नये. त्या गिल्डच्या पैशाने, काहीशे प्रतींत, बहुधा मिरवणुकीच्या आधीच तयार व्हायच्या. म्हणजे काय घडलं ते नाही, काय घडायला हवं होतं ते त्यांत आहे. आपल्या मंडळांचे अहवाल वाचणाऱ्याला ही शैली ओळखीची वाटेल. घडलं काय ते सांगणारा साक्षीदार १६१७ साठी नशिबाने मिळतो: व्हेनिसच्या वकिलातीचा धर्मगुरू ओराझिओ बुझिनो. त्याने खिडकीतून पाहिलं. खाली तोबा गर्दी, मध्येच कोणाची बग्गी शिरली की तिच्यावर चिखलाचा मारा, आगीचे फवारे उडवत वाट करणारे मुखवटेवाले, आणि एका रथावरचा नकली स्पॅनियार्ड खऱ्या स्पॅनिश वकिलाकडे बघून हवेत चुंबनं फेकत होता, लोक हसून लोटपोट. मिडलटनने रचलेल्या रूपकाचा अर्थ त्याला कितपत लागला, शंकाच आहे. मिरवणूक रूपकावर जगते की चिखलावर, असं मला कोणी विचारलं तर मी दोन्ही म्हणेन, आणि माझ्या काही विद्वान मित्रांना ते आवडणार नाही. रूपकं सोडवण्यात त्यांनी आयुष्यं घातली आहेत.

परक्यांचं काय? १६०४ च्या मार्चमध्ये, प्लेगमुळे वर्षभर लांबलेल्या जेम्स राजाच्या स्वागताला लंडनमध्ये सात कमानी उभ्या राहिल्या. त्यांतली एक तिथल्या इटालियन व्यापाऱ्यांनी बांधली, एक डच लोकांनी. शहरात राहता, धंदा करता, तर कमानही तुमची. वाशीला स्टेशनजवळ केरळ हाउस, आसाम भवन अशा इमारती ओळीने उभ्या आहेत, नेरूळला अय्यप्पाचं देऊळ आहे, शारदीय नवरात्रात बंगाली मंडप. ही सगळी मंडळी आपापल्या दिवशी आपापलं मिरवतात. पाडव्याला ती बघ्यांत असतात. राजाच्या स्वागताची तात्पुरती कमान मात्र आपण पक्की करून ठेवली: १९११ ला पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला, त्याच्या आठवणीची कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याखालूनच बोटीत चढली.

पुस्तक लिहिताना मला एक खेळ जडला होता. नवी मुंबईला बाई म्हणून रथावर बसवायचं, तर तिच्या डोक्यावर काय ठेवायचं? बेलापूरचा महापालिका मुख्यालयाचा घुमट? फ्लेमिंगो? त्यांचे पुतळे तर पामबीच रोडला जागोजागी आहेत. जिवंत पक्ष्यांच्या पाणथळ जागांवरून मात्र भांडण चालू असतं. हातात किल्ली कशाची? फ्लॅटची, असं एक मित्र म्हणाला. गावठाणातल्या एका आजीबाईंना विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. बाई हाय की आमची, म्हणाल्या, आणि देवळाकडे हात केला.

पुस्तकाच्या शेवटी मी १६१६ च्या मिरवणुकीच्या चित्रांबद्दल लिहिलं आहे. मूळ चित्रं मासेवाल्यांच्या गिल्डने अजून जपून ठेवली आहेत. त्यातलं नावेचं चित्र मी मोबाइलवर घेऊन सारसोळेच्या जेट्टीवर एका वयस्क कोळ्याला दाखवलं. जाळं विणत बसले होते. सुई तोंडात धरून त्यांनी मोबाइल लांब धरला, मग जवळ.

"जालं असं नाय धरत कुणी," म्हणाले. "हे नाटकवाले हायत."

मी म्हटलं, असतील. पण मासे खरे होते, जिवंत, रस्त्यावर वाटले लोकांना.

"कंचे?"

मी पुस्तिका पुन्हा उघडून पाहिली. माशांची जात कुठे दिलेली नाही.